पिवळं डोकं, नग एक

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सोसायटीच्या ऑफिसात माझी जी वही सापडली, ती चोरीची तयारी नव्हती. त्या वहीत दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांच्या नावापुढे 'किल्ली डाव्या खिशात, दार उघडायला नऊ सेकंद' असं लिहिलेलं होतं, हे मला मान्य आहे. अक्षर माझंच आहे. पण कुणाची किल्ली कुठल्या खिशात असते हे लिहून ठेवणारा माणूस दरोडेखोर ठरत असेल, तर मी एकतीस वर्षं सरकारी दरोडेखोर होतो असं म्हणा आणि मोकळे व्हा.

मी भांडार तपासणी शाखेत होतो. रजिस्टर म्हणतं, खुर्च्या चाळीस. मी जाऊन मोजायच्या. अडतीस भरल्या की दोन कुणी नेल्या ते शोधायचं. बेचाळीस भरल्या तर प्रकरण जास्त गंभीर, कारण माणूस खुर्ची नेतो हे एक वेळ समजू शकतं. पण आणून ठेवतो म्हणजे त्यात नक्की काहीतरी आहे. लोक मला संशयी म्हणायचे. मी संशयी नाही. मी फक्त खात्री करून घेतो, आणि खात्री झाली की पुन्हा एकदा बघतो. निवृत्त होऊन वर्ष झालं, पण घरात चमचे कमी झाले तर अजून सगळ्यात आधी मलाच कळतं.

आता मूळ भानगड. आमची मुलगी माझ्याच कार्यालयात लागली होती, टपाल शाखेत. आठ महिन्यांत तिने राजीनामा दिला आणि कॉम्प्युटरवर ॲनिमेशन करायला दुसऱ्या शहरात निघाली. बॅगा जिन्यातून खाली नेत होतो तेव्हा वकिलांनी दारातून विचारलं, "काय, कुठे निघाली स्वारी?" आणि मी, सगळा जिना ऐकेल अशा आवाजात म्हणालो, "कार्टून हलवायला!" वकील हसले. सेक्रेटरी हसले. मुलगी हसली नाही.

याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती फोनवर आईशी अर्धा तास बोलते आणि माझ्याशी तीन वाक्यं. "बाबा, जेवलात?" "हो." "बरं, आईला द्या." या तीनमधलंही एक माझंच आहे. दोन वर्षांत ती घरी आलेली नाही. कामं फार असतात म्हणे. याची मी खात्री करून घेतलेली नाही. आयुष्यात हीच एक गोष्ट अशी आहे की जिची खात्री करून घ्यायला मला भीती वाटते.

आणि अचानक आईला तिचा फोन आला की महिन्याच्या शेवटच्या रविवारी येते, दोन दिवस राहीन. हातात बावीस दिवस होते. मी ठरवलं की ती यायच्या आत तीस सेकंदांचं का होईना, एक ॲनिमेशन स्वतः करायचं. ती आली की कॉम्प्युटर उघडायचा आणि सहज म्हणायचं, "बघ गं जरा, काही चुकलंय का." आता तुम्ही म्हणाल, सरळ 'माझं चुकलं' म्हणून टाकायचं की. ते मला म्हणता येत नाही. आमच्या शाखेत कुणालाच म्हणता येत नसे.

बायकोला यातलं काही सांगितलं नाही. तिच्या पोटात गोष्ट राहते ती पुढचा फोन येईपर्यंत. त्यामुळे इंटरनेटवर नवशिक्यांसाठी एक वर्ग शोधला, मुलीच्या खोलीचं दार आतून लावलं आणि शिक्षण सुरू केलं.

शिकवणारी एक बाई होती. फारच आनंदी. दर दोन वाक्यांनंतर म्हणायची, "सोप्पं आहे!" जो माणूस विचारल्याशिवाय सोपं आहे म्हणतो, त्याचं कपाट आधी उघडून बघावं असा माझा अनुभव. पण पहिला धडा मला पटला. बाई म्हणाली की खेळण्यातले ठोकळे घ्या, त्यांचं खरंखुरं घर टेबलावर बांधा, मग कॉम्प्युटरमध्ये तसेच ठोकळे मिळतात, त्यांचं तेच घर बांधा आणि त्यातली माणसं हलवा. म्हणजे आधी माल प्रत्यक्ष, मग नोंद. बाईला भांडाराचं थोडं ज्ञान असावं.

मुलीचं लहानपणचं ठोकळ्यांचं खोकं कपाटात वरच्या फळीवर होतं. उघडलं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली यादी दिसली. ती सात वर्षांची असताना मीच तिला करायला लावली होती. 'लाल मोठे ४२. पांढरे लांब ३०. खिडक्या ९.' गोल गोल अक्षर, प्रत्येक ओळ सरळ यावी म्हणून खाली पट्टीने मारलेली रेघ. शेवटी माझा शेरा, 'तपासले', आणि सही. रोज रात्री जेवणाआधी ती मला मोजून दाखवायची. तेव्हा तिला ते आवडायचं असं माझं मत होतं. आता मला त्याचीही खात्री नाही.

मी सगळे नग मोजले. चारशे अकरा भरले. यादीत चारशे बारा. तीनदा मोजलं. कमी होतं ते हे: 'डोकं पिवळं, हसरं, वेणीवालं, नग १.' छोट्या मुलीचं धड होतं, हात होते, पाय होते, डोकं नव्हतं.

इथून पुढे घरात शांतता राहिली नाही.

"अगं, गेल्या दोन वर्षांत या कपाटाला कुणी हात लावला?" मी बायकोला विचारलं.

"धुळीने," ती म्हणाली.

मी कामाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, मला माझंच डोकं सांभाळता येईना, तुमचं कुठे नेऊ?" वकिलांची मांजर आमच्या खिडकीतून येते, तिच्यावर मी दोन दिवस नजर ठेवली. ती माझ्यावर तीन दिवस ठेवून होती. मुलीच्या खोलीच्या दाराला मी बाहेरून एक दोरा लावून ठेवू लागलो, म्हणजे कुणी आत गेलं तर कळावं. पहिल्याच दिवशी तो तुटला. चौकशीअंती तो मीच तोडल्याचं निष्पन्न झालं.

चित्रपटाची गोष्ट साधी होती. आमच्या इमारतीचा जिना. लिफ्ट नाही. एक छोटी मुलगी दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर, म्हणजे आमच्याकडे, चढून येते. बेल वाजवते. दार उघडतं. संपलं. दार उघडणारा बाप म्हणून मला पोलीस घ्यावा लागला, कारण खोक्यात डोकं शाबूत असलेला पुरुष तेवढाच होता.

तिसऱ्या धड्यात बाईने मुद्द्याला हात घातला. एका सेकंदात चोवीस चित्रं लागतात. त्यांना फ्रेम म्हणतात. तीस सेकंदांना सातशे वीस. "पण घाबरू नका!" बाई म्हणाली. "तुम्ही फक्त दोन ठिकाणं सांगायची. मुलगी आधी कुठे आहे, आणि शेवटी कुठे आहे. मधलं सगळं कॉम्प्युटर आपोआप भरतो!"

आपोआप. आमच्या भांडारातून आजवर जे जे गेलं ते सगळं आपोआपच गेलेलं आहे. तरी निष्पक्षपणे मी तिला संधी दिली. मुलगी जिन्याखाली उभी केली, मग दारात उभी केली, आणि कॉम्प्युटरला म्हटलं, भर बाबा मधलं. त्याने मुलीला उचललं, हवेतून तिरकं नेलं, वकिलांच्या भिंतीतून आरपार काढलं आणि आमच्या दारात आणून ठेवलं. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वकिलांच्या स्वयंपाकघरातूनच.

झालं. माझा विश्वास उडाला, जो मुळात बसलेलाच नव्हता. मी ठरवलं की मधलं कुणावर सोपवायचं नाही. सातशे वीसच्या सातशे वीस फ्रेम आपण स्वतः हाताने लावायच्या. एक पाय एवढासा पुढे, नोंद. दुसरा पाय एवढासा वर, नोंद. दिवसाला चाळीस धरल्या तर रविवारच्या आत काम होतं. तसा तक्ता करून मी भिंतीला लावला.

पण हाताने करायचं तर माहिती खरी पाहिजे. माणूस एक मजला चढायला किती वेळ घेतो? पायरीवर आधी टाच टेकते की चवडा? बेल वाजवण्याआधी थांबतो की नाही? मी घड्याळ आणि वही घेऊन दाराच्या छिद्राला डोळा लावून बसू लागलो. छिद्रातून दिसत नसे तेव्हा कठड्याशी उभा राहून खाली वाकत असे. नोंदी अशा: 'वकील. पायऱ्या अठरा, बावीस सेकंद, बॅग उजव्या हातात, किल्ली डाव्या खिशात, दार उघडायला नऊ.' 'पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. सकाळी नऊ दहाला बाहेर, सायंकाळी सहापर्यंत घरात कुणी नाही.' ही शेवटची नोंद खरं तर अनावश्यक होती. पण एकदा मोजायला बसलं की माणूस वाहवत जातो.

याच दिवसांत घरातलं वातावरण तापलं. बंद दाराआडून बायकोला काय ऐकू येत होतं याचा मी विचारच केला नव्हता. एका बाईचा लाडिक आवाज, "छान! घाबरू नका, आपण पुन्हा करू या!" आणि त्यावर माझा आवाज, "थांबा, जरा हळू सांगा." दोन दिवस तिने ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी ताट माझ्यापुढे जरा जोरात ठेवत म्हणाली, "ती जेवण पण पाठवते का, की ते माझ्याचकडे आहे?"

"अगं, ती शिकवते!"

"काय शिकवते, दार लावून?"

"ते रविवारी कळेल."

"रविवारी पोरगी येतेय," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम पडला. "तिच्यासमोर काही तमाशा करू नका. दोन वर्षांनी येतेय. पुन्हा गेली तर मी तुमच्याकडे बघणार नाही."

त्या दिवशी सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई 'सहज' आल्या, गप्पा मारता मारता माझी नाडी बघितली आणि म्हणाल्या, "काका, निवृत्तीनंतर होतं असं. सकाळी मोकळ्या हवेत फिरत जा." बायको पलीकडे उभी राहून मान डोलवत होती. हा कट होता.

मग सोसायटीचं प्रकरण. मॉडेलमधला जिना मला प्रत्यक्षाशी जुळेना. टेबलावर अठरा पायऱ्या लावल्या की आमचं दार छताच्या वर जायचं. मोजमाप हवं होतं, म्हणजे इमारतीचा नकाशा हवा होता, आणि तो सोसायटीच्या ऑफिसात कुलपात. सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. जन्मभर बँकेत होते, सह्या जुळवायच्या कामावर. त्यांचा कुणावरच विश्वास नाही. तो स्वभाव मला एरवी आवडतो.

"नकाशा?" ते म्हणाले. "कशाला?"

"हवाय."

"अर्ज करा. तीन प्रती. कारण लिहा."

कारणाच्या रकान्यात मी 'खाजगी' असं लिहिलं. लिहितानाच मला कळलं होतं की असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी त्या माणसाला दोन तास बसवून घेतलं असतं. सेक्रेटरींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, अर्जाकडे बघितलं आणि म्हणाले, "कमिटीपुढे ठेवतो." मी तिरमिरीत घरी आलो. अर्ज ज्या वहीत घालून नेला होता, ती वही ऑफिसात त्यांच्या टेबलावरच राहिली.

वही नाहीशी झाल्याचं मला संध्याकाळी कळलं. मी बायकोची उलटतपासणी घेतली. ती म्हणाली, "आधी डोकं गेलं, आता वही गेली. मला तर वाटतं पहिली तक्रार खरी आहे."

ती असं म्हणत होती आणि दारावरची बेल वाजली. बाहेर कमिटी उभी होती. पुढे सेक्रेटरी, त्यांच्या हातात माझी वही. मागे वकील, दोन्ही हात दोन्ही खिशांवर. त्यांच्या मागे डॉक्टरीणबाई, आणि त्यांच्या मागे पायरीवर मांजर.

"ही वही तुमची?" सेक्रेटरींनी विचारलं.

"अक्षर माझं आहे," मी म्हटलं. सवयीने माणूस तेवढंच कबूल करतो.

वकिलांनी वाचायला सुरुवात केली. खिसा, किल्ली, नऊ सेकंद. डॉक्टरीणबाईंचं सहापर्यंत रिकामं घर. सेक्रेटरींच्या नावापुढे 'दुपारी दोन ते चार झोप, बेल वाजवली तरी उठत नाहीत.' सेक्रेटरी म्हणाले, "हे साफ खोटं आहे. मी पडलेला असतो."

"आणि वर इमारतीचा नकाशा मागताय," वकील म्हणाले. "कारण, खाजगी. काका, मी तुम्हाला इतकी वर्षं ओळखतो. पण न्यायालयात हे असं वाचून दाखवलं तर तुमची बाजू घ्यायला मीसुद्धा उभा राहणार नाही."

"ती खोली उघडा," सेक्रेटरी म्हणाले.

बायको माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं की आत बाई आहे. बाकीच्यांना वाटत होतं की आत दोर आणि हातोडे आहेत. मी दार उघडलं. टेबलावर आमची इमारत होती, लाल-पांढरी, समोरची भिंत काढलेली, आतला जिना उघडा, दाराशी पोलीस उभा आणि दुसऱ्या मजल्यावर एक बिनडोक्याची मुलगी. भिंतीवर तक्ता, 'दिवस तेरा, पूर्ण २६४, बाकी ४५६.'

वकील एक पाऊल मागे सरकले.

"हे काय आहे?" सेक्रेटरींनी हळूच विचारलं.

हीच सगळी मंडळी त्या दिवशी जिन्यात होती. यांच्यादेखतच मी तो शब्द मोठ्याने फेकला होता. आता तोच उचलून तोंडात घ्यायचा होता.

"कार्टून," मी म्हटलं. "मी कार्टून हलवतोय."

"काय?"

"मुलगी जे करते ते. शिकतोय मी. ती रविवारी यायच्या आत तीस सेकंदांचं करायचंय." आणि मग का कुणास ठाऊक, पुढचंही आलं. "त्या दिवशी जिन्यात मी जे बोललो ना, ते तिला लागलं. मला माहितीय लागलं ते."

वकिलांनी खिशांवरचे हात काढले. सेक्रेटरी वहीकडे बघत राहिले. बायकोने मागून येऊन माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली. ती कॉलर नीटच होती.

सेक्रेटरी शेवटी बँकेतला माणूस. म्हणाले, "दाखवा. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी कमिटीला काय सांगू?"

मी कॉम्प्युटर लावला. अकरा सेकंद तयार होती. बिनडोक्याची मुलगी झटके देत देत नऊ पायऱ्या चढली आणि थांबली.

"डोकं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सापडत नाही. दोन आठवडे शोधतोय."

"अहो पण कॉम्प्युटरमध्ये हवी तेवढी डोकी असतील ना?"

"आहेत. पण खोक्यात जे नाही ते कॉम्प्युटरमध्ये कुठून दाखवू? नोंद जुळायला नको?"

यावर फक्त सेक्रेटरींनी मान डोलवली. त्या क्षणापासून आमची मैत्री झाली.

आरोप मागे घेतले गेले. त्यांच्याऐवजी सल्ले आले, आणि खरं सांगतो, आरोप परवडले असते. वकील दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. "बावीस सेकंद लिहिलंय तुम्ही, त्या दिवशी माझा गुडघा दुखत होता. चौदा करा." मी म्हटलं, चित्रपटात तुम्ही नाही आहात. ते म्हणाले, "नसू दे, वहीत तर आहे!" डॉक्टरीणबाईंनी मुलीचा गुडघा कुठून वाकतो ते स्वतः चढून दाखवलं, तीनदा, शेजारच्या इमारतीतले लोक गच्चीवरून बघत असताना. सेक्रेटरींनी नकाशा दिला, पण एक अट घातली: जिन्यातला दिवा चालू दाखवायचा. तो सहा महिने बंद आहे. "चित्रपटात बंद दिसला तर कायमची नोंद होईल," ते म्हणाले. मी चालू दाखवला. आयुष्यातली माझी पहिली खोटी नोंद.

बायकोने मात्र एकच सूचना केली. दार उघडतं तेव्हा पोलिसाचा हात कमरेवर होता. ती म्हणाली, "हा हात खाली घ्या." मी सत्तावीस फ्रेम पुन्हा केल्या.

शनिवारी दुपारी सातशे विसावी फ्रेम लागली. डोकं शेवटपर्यंत सापडलं नाही. घरातल्या प्रत्येक माणसावर, आणि मांजरीवर, माझा संशय कायम होता.

रविवारी मुलगी आली. बारीक झाली होती. आईच्या गळ्यात पडली, मला म्हणाली, "बाबा, बरे आहात?" मी म्हटलं, "हो." बावीस दिवस घोकलेलं सहज वाक्य मला आठवेना. शेवटी बायकोच म्हणाली, "तुझ्या खोलीत जाऊन बघ जरा, काय करून ठेवलंय यांनी."

ती आत आली. टेबलावरची इमारत बघितली. झाकण उचलून यादी बघितली. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि तिच्याकडे न बघता म्हटलं, "काही चुकलं असेल तर सांग."

तीस सेकंद. झटके देत ती मुलगी अठरा पायऱ्या चढली, बेलपाशी थांबली, बेल वाजवली. दार उघडलं.

"बाबा, दार पोलीस उघडतोय."

"खोक्यात तेवढाच होता."

"बरोबर आहे," ती म्हणाली. मग पडद्याच्या खालच्या पट्टीवर तिचं लक्ष गेलं. "हे काय? प्रत्येक फ्रेमवर खूण? सातशे वीस? हाताने केलंत सगळं?"

"मधलं कॉम्प्युटर भरतो म्हणे. तो वकिलांच्या स्वयंपाकघरातून नेत होता तुला."

ती हसायला लागली. हसता हसता खाली जमिनीवर बसली. "आमच्याकडे असं कुणी केलं तर त्याला घरी पाठवतील."

"मी घरीच आहे," मी म्हटलं.

हसता हसता ती थांबली. पडद्याजवळ गेली. "हिला डोकं का नाही?"

मी यादीतल्या ओळीवर बोट ठेवलं. "कमी आहे. बावीस दिवस शोधतोय. तुझ्या आईला विचारलं, कामाच्या बाईंना विचारलं..."

तिने पर्स उघडली. किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला. त्याच्या कडीला, एका छोट्या साखळीत, पिवळं डोकं होतं. हसरं, वेणीवालं. हाताळून हाताळून एका बाजूचा डोळा पुसट झालेला.

"तू नेलंस?"

"निघायच्या दिवशी."

"नोंद न करता?"

"नोंद केली असती तर नेऊ दिलं असतं तुम्ही?"

दोन वर्षं घरची एक वस्तू तिच्या खिशात होती, रोज, कामावर जाताना, खोलीवर परत येताना, आणि मी इथे मांजरीवर पाळत ठेवून होतो. ती साखळी सोडवू लागली. "घ्या, ठेवा परत. चारशे बारा पुरे होतील."

"राहू दे," मी म्हटलं. खिशातून पेन काढलं, झाकणावरच्या त्या ओळीपुढे लिहिलं, 'मुलीकडे दिले. परत मागू नये,' आणि सही केली. तिने वाचलं आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली. लहानपणी मोजून दाखवायला बसायची, तशी.

"आता डोकं लावायचं ना हिला?" ती म्हणाली. "नोंद जुळली." मग तिने कॉम्प्युटरला दोनच्या ऐवजी पाच-सहा ठिकाणं सांगितली, जिन्याच्या वळणावर एक, दारापाशी एक, आणि मला म्हणाली, "आता मधलं सोडा त्याच्यावर. बघू नका." मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मुलगी अलगद जिना चढत होती, डोकं वर करून, आणि भिंतीतून गेली नाही. मी बोटांच्या फटीतून बघितलं होतं, पण तिला सांगितलं नाही.

दोन दिवस ती त्या खुर्चीवर होती. दोन वर्षांतलं मधलं तिने मला थोडं थोडं सांगितलं. काय काय ते इथे लिहीत नाही. ते माझ्याकडे आहे.

मंगळवारी सकाळी ती निघाली. बॅग मला उचलू दिली नाही. मी दारात उभा राहिलो आणि ती पहिलं वळण उतरली तसा आत आलो, दार लावून घेतलं. छिद्राला डोळा लावला नाही. कठड्याशी गेलो नाही. घड्याळ बघितलं नाही. डोळे पुसत होतो, त्यामुळे दिसलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी वर आले. हल्ली त्यांनी स्वतःची एक वही केली आहे. ती माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुमची मुलगी काल उतरली. तीन मजले, चोपन्न पायऱ्या, एक मिनिट बावन्न सेकंद. बॅग धरली तरी फारच जास्त वेळ आहे. दोनदा थांबली. दोन्ही वेळा वर बघत होती, तुमच्या दाराकडे. मी स्वतः बघितलं. तुम्हाला खात्री करून घ्यायची असेल तर..."

मी त्यांच्याकडून पेन घेतलं आणि त्या नोंदीखाली लिहिलं, 'तपासले.' सही केली. काहीही न तपासता.